पिग्मी अ‍ॅपची एरर पानं: कामाच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२५, सोमवार

काम आजपासून माझ्याकडे. बेळगावातली एक सोसायटी. शाखा शहापूर, निपाणी, खानापूर आणि बैलहोंगलला. पिग्मी (रोजची छोटी ठेव) गोळा करणारे एजंट मोबाइलच्या ब्राउझरमध्येच अ‍ॅप उघडतात, दुकानोदुकानी फिरून रक्कम भरतात, ठेवीदाराला एसएमएस जातो. आत जँगो ५.२ (पायथॉनमधली वेब फ्रेमवर्क) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस), त्यापुढे जँगो चालवणारं गनिकॉर्न, सगळ्यात बाहेर ब्राउझरच्या रिक्वेस्ट आधी घेणारा एनजिनएक्स. आधीच्या माणसाचा कोड बरा आहे, वाचताना चिडचिड होत नाही.

सकाळीच व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. खडे बाजार भागाचे एजंट, वयानं मोठे, ऑफिसात सगळे त्यांना मामा म्हणतात. स्क्रीनवर जँगोचं पिवळं डीबग पान (एरर आली की प्रोग्रॅमरसाठी आतला तपशील दाखवणारं) आणि खाली मामांचा प्रश्न: "मॅडम, हे पिवळं काय आलंय ओ? पैसे गेले काय राहिले? दुकानदार सोडंना झालाय."

फोटो मोठा करून बघितला. ठेवीदाराचा खाते क्रमांक, मोबाइल नंबर, शिल्लक, सगळं त्या पानावर. डीबग सेटिंग लाइव्ह सर्व्हरवर चालूच ठेवलेलं. सेटिंग्जच्या नावात 'पास', 'की', 'टोकन', 'सीक्रेट' असं काही असेल तर जँगो ती किंमत चांदण्यांनी झाकतं, पण फंक्शनमधली व्हेरिएबल्स जशीच्या तशी दाखवतं. म्हणजे पासवर्ड झाकलेला आणि गिऱ्हाईक उघडं.

डीबग लगेच बंद. त्याआधी अलाउड होस्ट्समध्ये, म्हणजे साइट कुठल्या पत्त्यांवर उत्तर देईल त्या यादीत, दोन्ही पत्ते भरले, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेला आणि नसलेला. ती यादी रिकामी ठेवून डीबग बंद केलं, तर प्रत्येक रिक्वेस्टला ४०० (चुकीची विनंती) मिळतो आणि अख्खं अ‍ॅप बसतं.

मामांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला लगेच देता आलं नाही. डेटाबेस उघडून बघावा लागला. नोंद झालेली होती, एजंटच्या दिवसाच्या बेरजेत ती धरलेली नव्हती. तोवर मामांनी तीच रक्कम पुन्हा भरलेली. एका खात्यावर एकाच दिवशी दोनदा ५०० रुपये, हातात नोट एकच.

७ ऑक्टोबर, मंगळवार

कोडमध्ये ४०४ (पान सापडलं नाही) आणि ५०० (सर्व्हरमध्येच बिघाड) साठी स्वतंत्र पानं आधीच लिहिलेली आहेत, चित्रासकट. डीबग चालू असताना जँगो ती वापरतच नाही, त्यामुळे आजवर ती कुणाच्या नजरेला पडलेली नाहीत.

४०४ चा हँडलर (ते पान दाखवणारं फंक्शन) पान नीट दाखवतो, पण स्टेटस २०० (सगळं ठीक) पाठवतो. पान तयार करणाऱ्या 'रेंडर'ला स्टेटस सांगितला नाही की तो २०० च देतो, हँडलरमध्ये असला तरी. माणसाला फरक कळत नाही. लॉग, मॉनिटरिंग आणि गूगल यांच्या लेखी मात्र सगळं आलबेल. एका शब्दाची दुरुस्ती.

४०४ वर यापेक्षा जास्त वेळ घालवणार नाही. हरवलेला अंतराळवीर, रडणारं मांजर, 'अरेरे!' वगैरे लोक फार प्रेमानं करतात. पिग्मी एजंटला ४०४ दिसतो तो जुन्या बुकमार्कमुळे. त्याला मुखपृष्ठाचं एक मोठं बटण दिलं की पुरे.

एक गोष्ट मात्र मुद्दाम केली. निपाणीच्या एजंटनं पत्त्यातला आकडा बदलून खानापूरचं खातं उघडायचा प्रयत्न केला, तर आधी ४०३ यायचा, 'तुम्हाला परवानगी नाही'. म्हणजे त्या क्रमांकाचं खातं आहे, हे आपणच सांगितल्यासारखं. आता क्वेरीच त्याच्या शाखेपुरती. बाहेरचं खातं मागितलं तर सरळ ४०४.

९ ऑक्टोबर, गुरुवार

५०० चं पान. आजचा सगळा दिवस यातच गेला आणि तो जायलाच हवा होता.

आधीच्या हँडलरमध्ये शाखेचं नाव आणि एजंटचं नाव वर दिसावं म्हणून पूर्ण रिक्वेस्ट टेम्पलेटला (पानाच्या साच्याला) दिली आहे. दिसायला छान. चाचणीच्या सर्व्हरवर पोस्टग्रेस बंद केलं आणि अ‍ॅप उघडलं. आलं काय, तर पांढऱ्या पानावर गनिकॉर्नची स्वतःची इंग्रजी ओळ, 'इंटर्नल सर्व्हर एरर'. आपलं पान कुठेच नाही.

झालं असं: डेटाबेस नाही म्हणून व्ह्यू (रिक्वेस्टचं काम करणारं फंक्शन) पडला. जँगोनं ५०० चा हँडलर बोलावला. हँडलरनं टेम्पलेट मांडायला घेतलं, तेव्हा शाखांची यादी टेम्पलेटला आणून देणारा कॉन्टेक्स्ट प्रोसेसर चालला आणि तोही डेटाबेसकडेच गेला. एजंटचं नाव सेशनमधून (लॉगिनच्या नोंदीतून), सेशनही डेटाबेसमध्ये. हँडलर स्वतःच कोसळला की जँगो हात वर करतं आणि एरर थेट गनिकॉर्नपर्यंत जाते.

जँगोचा मूळचा ५०० व्ह्यू टेम्पलेटला काहीच देत नाही, कॉन्टेक्स्ट (टेम्पलेटला द्यायची माहिती) कोरा ठेवतो, तो याच भीतीनं. लोकांना ते अडचणीचं वाटतं आणि मग ते स्वतःचा 'सुधारलेला' हँडलर लिहितात. आग लागल्यावर बाहेर पडायचा जिना लिफ्टच्या विजेवर चालवण्यासारखं आहे हे.

दुसरा खड्डा: टेम्पलेटमध्ये लोगोसाठी 'स्टॅटिक' टॅग. आपण मॅनिफेस्ट, म्हणजे लोगो, सीएसएस अशा स्टॅटिक फाइलींच्या नावांची यादी, वापरतो. फाइलचं नाव त्या यादीत सापडलं नाही तर डीबग बंद असताना हा टॅगच एरर फेकतो. म्हणजे कुणी लोगोचं नाव बदललं आणि स्टॅटिक फाइली गोळा करायला विसरलं, तर ५०० चं पानही गेलं.

नवा हँडलर असा: टेम्पलेट नाही, डेटाबेस नाही, सेशन नाही. सर्व्हर सुरू होताना एचटीएमएल फाइल एकदाच मेमरीत वाचून ठेवायची. सीएसएस तिच्यातच, लोगो नाही, सोसायटीचं नाव साध्या ठळक अक्षरांत, ऑफिसचा फोन नंबर लिंकसकट. बदलणारी गोष्ट एकच, सहा आकडी कोड. तोही साध्या अक्षर-बदलानं घातलेला. स्टेटस न विसरता ५००.

कोडबद्दल: रिक्वेस्ट आत येतानाच सगळ्यात वरचं मिडलवेअर (रिक्वेस्ट व्ह्यूकडे जाता-येता ज्यातून जाते तो थर) तो देतं आणि लॉगच्या प्रत्येक ओळीत तोच कोड उमटतो. नुसते आकडे, तीन-तीनच्या दोन गटांत. इंग्रजी अक्षरं मिसळलेला लांबलचक कोड बाजारातल्या गोंगाटात फोनवर वाचून दाखवणं म्हणजे शिक्षा. खुद्द मिडलवेअरच पडलं तर कोड नसेल, म्हणून तेव्हा त्या जागी सहा शून्यं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

पान टिकतंय. त्यावर लिहायचं काय?

मॅनेजर साहेबांनी मजकूर पाठवला: 'तांत्रिक कारणास्तव आपली विनंती पूर्ण होऊ शकली नाही. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' वाचून मामांचं 'पैसे गेले काय राहिले' आठवलं. या मजकुरात त्याचं उत्तर नाही. आणि आज कोड ज्या अवस्थेत आहे, त्यात ते देणं शक्यही नाही, कारण आपल्यालाच माहीत नसतं.

पिग्मीचा धंदा उभाच याच्यावर आहे. उडुपीला सिंडिकेट बँकेनं १९२८ मध्ये ही योजना काढली तेव्हा रोज दोन आणे गोळा व्हायचे. दारात येणारा माणूस आणि हातात पडणारी पावती, यांवर दुकानदार विसंबतो. आता पावतीच्या जागी स्क्रीन आलाय. तो गोंधळला की मामांची पत जाते, सर्व्हरची नाही.

तेव्हा मजकूर बाजूला ठेवून आधी भरण्याचा व्ह्यू उघडला. त्यात क्रमानं: नोंद सेव्ह, एसएमएस गेटवेला हाक, मग एजंटच्या बेरजेत भर. ट्रान्झॅक्शन (सगळं एकत्र पक्कं, नाहीतर सगळं रद्द) कुठेच नाही, प्रत्येक सेव्ह त्या क्षणी पक्का. सोमवारी गेटवेनं कनेक्शन नाकारलं, व्ह्यू मधेच तुटला, नोंद राहिली आणि बेरीज राहून गेली. कोडं सुटलं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

ॲटॉमिक रिक्वेस्ट्स चालू केलं. आता अख्खा व्ह्यू एका ट्रान्झॅक्शनमध्ये. आत एरर आली की सगळं मागे. यानंतर ५०० च्या पानावर 'रक्कम जमा झालेली नाही' असं छातीठोक लिहिता येईल का? अजून नाही. तीन फटी राहतात.

पहिली फट एसएमएसची. एसएमएस गेला आणि त्यानंतर बेरीज करताना एरर आली, तर डेटाबेस मागे फिरेल, एसएमएस कसा फिरणार? दुकानदाराच्या फोनवर '५०० जमा', खात्यात काही नाही. हे दुबार नोंदीपेक्षा वाईट. म्हणून एसएमएस 'ऑन-कमिट'मध्ये नेला: कमिट झालं, म्हणजे ट्रान्झॅक्शन डेटाबेसमध्ये पक्कं झालं, की मगच तो जातो.

दुसरी फट त्यातूनच निघते. ऑन-कमिटमधलं फंक्शन पडलं, तर ती एरर वर येते आणि एजंटला ५०० दिसतो, पण तोवर नोंद पक्की झालेली असते. पान छातीठोक खोटं बोलणार. जँगो ४.२ पासून याला 'रोबस्ट' हा पर्याय आहे. तो दिला की तिथली एरर लॉगमध्ये जाते, वर येत नाही. एसएमएस न जाणं हे रक्कम न भरली जाण्याएवढं मोठं नाही, तर दोघांना एकच पान कशाला?

तिसरी: ॲटॉमिक रिक्वेस्ट्स फक्त व्ह्यूला कवेत घेतं. मिडलवेअर आणि टेम्पलेट-रिस्पॉन्सचं (व्ह्यू संपल्यावर तयार होणाऱ्या पानाचं) मांडणं बाहेर होतं. पावतीचं पान तसंच मांडलं जात होतं. ते व्ह्यूच्या आतच पूर्ण मांडून घेतलं, आता त्यात चूक निघाली तर नोंदही मागे फिरते. मिडलवेअरमध्ये परतीच्या वाटेवर काही करणारं एकच होतं, वापराची आकडेवारी लिहिणारं. काढून टाकलं. ती आकडेवारी कुणी बघत नव्हतं.

आता भरण्याच्या पत्त्यावर ५०० आला तर पान म्हणतं: 'ही रक्कम जमा झालेली नाही. पुन्हा भरा. पुन्हा हेच आलं तर कोड सांगून ऑफिसला फोन करा.'

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सीएसआरएफचा ४०३ (फॉर्म आपल्याच साइटवरून आला का, हे टोकनवरून तपासताना नाकारला गेला की येतो तो). याला नेहमीचं ४०३ चं पान लागू होत नाही, वेगळा व्ह्यू आहे. स्वतःचं टेम्पलेट ठेवलं की झालं. एजंट सकाळी फॉर्म उघडून ठेवतात, मग दुसऱ्या टॅबमध्ये लॉगिन करतात. लॉगिन झालं की टोकन बदलतं आणि जुना फॉर्म नाकारला जातो. ही तपासणी व्ह्यूच्या आधीच होते, त्यामुळे इथे काहीच जमा झालेलं नसतं आणि तसं बेधडक लिहिता येतं. मजकूर: 'हा फॉर्म जुना झाला. रक्कम जमा झालेली नाही. खालचं बटण दाबून नवा फॉर्म उघडा.'

१६ ऑक्टोबर, गुरुवार

एनजिनएक्सची पाळी. इथल्या एररपर्यंत जँगोचा हात पोचत नाही.

एसएमएसच्या हाकेला टाइमआउटच नाही. पायथॉनची रिक्वेस्ट्स लायब्ररी सांगितल्याशिवाय तो लावत नाही. गेटवे गप्प बसला तर आपणही बसून राहतो. गनिकॉर्न ३० सेकंद वाट बघून वर्करला (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या प्रोसेसला) मारून टाकतं. एनजिनएक्सचा धीर ६० सेकंदांचा, पण समोरचा मेल्यामुळे त्याला ५०४ (वेळेत उत्तर नाही) द्यायची वेळच येत नाही, तो ५०२ (मागच्या सर्व्हरकडून नीट उत्तर नाही) देतो. आणि एसएमएस आता कमिटनंतर जात असल्यामुळे या ५०२ च्या वेळी नोंद झालेली असते!

हाकेला ५ सेकंदांचा टाइमआउट लावला. एसएमएस वेगळ्या रांगेत टाकणं हा खरा उपाय, तो पुढच्या महिन्यात.

तरीही ५०२ आणि ५०४ कधी ना कधी येणारच, आणि तेव्हा नोंद झाली की नाही हे एनजिनएक्सला कळायचा मार्ग नाही. म्हणून या पानावर ५०० चा मजकूर चालणार नाही: 'रक्कम जमा झाली की नाही, हे आत्ता सांगता येत नाही. दोन मिनिटांनी आजची यादी उघडून बघा. यादीत नसेल तरच पुन्हा भरा.' साहेबांना हे आवडलं नाही. 'सांगता येत नाही असं कसं लिहायचं?' म्हणाले. मी म्हटलं, साहेब, खोटं 'नाही' लिहिलं तर एका नोटेच्या दोन नोंदी होतील आणि महिनाअखेरीला ताळमेळ तुम्हीच लावत बसाल. मग मान्य केलं.

लोक तरी रिफ्रेश करणारच. म्हणून फॉर्ममध्ये लपवलेला एक युनिक क्रमांक, डेटाबेसमध्ये त्यावर युनिक बंधन. तोच फॉर्म दुसऱ्यांदा आला तर एरर न देता आधीची पावतीच दाखवायची.

ही पानं साध्या फायली, वेगळ्या फोल्डरमध्ये, अ‍ॅप पूर्ण बंद असलं तरी मिळतील अशी. 'प्रॉक्सी इंटरसेप्ट एरर्स' मुळात बंदच असतं आणि ते बंदच ठेवलं. चालू केलं तर जँगोची कोडवाली पानंही एनजिनएक्स झाकून टाकेल.

जाता जाता ४१३ (पाठवलेली फाइल फार मोठी): केवायसीचा फोटो मोबाइलवरून ३-४ एमबीचा येतो, एनजिनएक्सची मूळ मर्यादा १ एमबी. मर्यादा ८ केली, पान लावलं.

१८ ते २६ ऑक्टोबर

दिवाळी. बाजारात वर्षातली सगळ्यात जास्त उलाढाल, तेव्हा लाइव्ह सर्व्हरला हात नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार

भाषा. एजंट मराठी आणि कन्नड दोन्ही. बैलहोंगल शाखा पूर्ण कन्नड. जँगो भाषा ठरवताना आधी कुकी बघतं आणि मग ब्राउझरची पसंती. एजंटांचे फोन जवळपास सगळे इंग्रजीत, त्यामुळे लॉगिनच्या वेळी निवडलेली भाषा कुकीत ठेवतो. नेहमीच्या पानांचं भागतं. पण ५०० आणि ५०२ ची पानं कशावरही विसंबणार नाहीत असं ठरलंय, तेव्हा तिथे मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्ही भाषा एकाखाली एक. प्रत्येकीत तीन छोटी वाक्यं, मोबाइलवर न सरकवता मावतात.

वर कुठली, हा प्रश्न बेळगावात तांत्रिक नसतो. मी संचालकांवर सोडला. अर्ध्या तासानं निरोप आला: वर कन्नड, मग मराठी, मग इंग्रजी, तिन्हींची अक्षरं एकाच मापाची. कन्नड मजकूर बैलहोंगलच्या अकाउंटंट मॅडमनी स्वतः लिहिला. मी भाषांतर करून नेलेला त्यांनी वाचलासुद्धा नाही, 'असं कोण बोलतं?' म्हणाल्या. बरोबर होतं.

२९ ऑक्टोबर, बुधवार

खानापूरच्या एजंटची तक्रार: जांबोटीच्या पुढे कणकुंबीकडे गेलं की डायनासोर येतो. ती आपली एररच नव्हे, इंटरनेट नसलं की दिसणारी ब्राउझरची आहे. रिक्वेस्ट सर्व्हरपर्यंत पोचलेलीच नसते. सर्व्हिस वर्करनं (ब्राउझरमध्ये मागे चालणाऱ्या स्क्रिप्टनं) एक ऑफलाइन पान फोनमध्येच साठवून ठेवलं. त्यावर रेंज नसल्याचं आणि कागदी पावती फाडा, रेंजमध्ये आल्यावर भरा, एवढंच. मात्र फॉर्म पाठवतानाच रेंज गेली असेल तर यादी तपासा ही ओळ इथेही हवी. रक्कम पोचून फक्त उत्तर हरवलेलं असू शकतं.

१ नोव्हेंबर, शनिवार

एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे काळ्या दिनाची फेरी. बाजारात पिग्मी नाही. सगळे बदल लाइव्ह चढवायला याहून बरा दिवस मिळाला नसता.

चढवताना ५०३ (सेवा तात्पुरती बंद) चं पान आणि सोबत किती वेळानं परत यायचं ते सांगणारं 'रिट्राय-आफ्टर' हेडर. मग एकेक पान मुद्दाम पाडून बघितलं: फक्त कर्मचाऱ्यांना उघडणारा, जाणूनबुजून एरर फेकणारा पत्ता, गनिकॉर्न बंद करून ५०२, पोस्टग्रेस बंद करून ५००. या वेळी पोस्टग्रेस नसताना आपलंच पान आलं, कोडसकट, आणि लॉगमध्ये तोच कोड.

चाचण्यांत एक लक्षात ठेवायचं: जँगोचा टेस्ट क्लायंट (चाचणीत ब्राउझरचं काम करणारा) व्ह्यूमधली एरर सरळ चाचणीतच फेकतो, त्यामुळे ५०० चं पान तपासलंच जात नाही. 'रेझ रिक्वेस्ट एक्सेप्शन' बंद करून ती चाचणी लिहायची.

३ नोव्हेंबर, सोमवार

मेलबॉक्स भरून वाहतोय. एकही एजंटची एरर नाही, सगळे बॉट. सर्व्हरच्या नुसत्या आयपीवर येतात, होस्ट जुळत नाही, जँगो दर वेळी अ‍ॅडमिनला मेल पाठवतं. एनजिनएक्समध्ये अनोळखी होस्टसाठी वेगळा ब्लॉक करून ४४४ दिला, म्हणजे उत्तर न देताच कनेक्शन बंद. एररच्या मेलमध्ये पिन जाऊ नये म्हणून पिन भरण्याचा फॉर्म संवेदनशील म्हणून नोंदवला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मामांचा फोन, आणि पहिलंच वाक्य: "मॅडम, चारशे बारा, शून्य सदुसष्ट. जमा झालं नाही म्हणतंय, खरं काय?" खरं. लॉग उघडला, कोड शोधला, ट्रेसबॅक (एरर कुठे आली त्याचा माग) समोर.

मामांनी रक्कम भरली होती '५००/-', कागदी पावतीवर लिहितात तशी. नुसतं देवनागरी '५००' पायथॉन मुकाट्यानं पाचशे धरतं. अडलं ते शेपटावर, आणि कोडमध्ये फॉर्मची तपासणी टाळून रक्कम थेट आकड्यात बदललेली. ही ५०० ची एररच नव्हे. सर्व्हरचं काही बिघडलेलं नाही, फक्त रक्कम वेगळ्या तऱ्हेनं लिहिली आहे. अशा वेळी तोच फॉर्म परत यायला हवा, भरलेल्या सगळ्या गोष्टी जागेवर ठेवून, रकमेच्या खाली एक ओळ.

दुरुस्ती: '/-', 'रु.' आणि स्वल्पविराम आधी काढायचे, मग फॉर्मच्या डेसिमल फील्डकडे द्यायचं. मामांना लिहायची सवय बदला म्हणून सांगितलं नाही.

उरलेलं: एसएमएसची रांग. आणि असा थेट आकड्यात बदललेला कोड आणखी कुठे आहे ते शोधायचं. कर्जाच्या हप्त्याच्या फॉर्ममध्ये आहेच.